गाडीचं खरं ॲव्हरेज किती? एका टाकीवरून ठरवू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक, घेऊन वर्ष होत आलं. रोज ऑफिसच्या वेळेला सिंहगड रस्त्यावरून हिंजवडी आणि परत. कंपनीने सांगितलेलं ॲव्हरेज लिटरला २१.८ किलोमीटर. टाकी फुल करून काढलं तर एकदा १३.४ आलं, पुढच्या वेळी १६.३, त्यानंतर १४.४. समोरच्या स्क्रीनवर मात्र १५.९ दिसतं. यातलं खरं कोणतं, आणि गाडीत काही दोष आहे का?

उत्तर आधी देतो. तुमच्या गाडीचं सध्याचं ॲव्हरेज १४.६ आहे आणि ज्या रस्त्याने, ज्या वेळेला ती चालते ते बघता गाडीत दोष असल्याचं काही लक्षण नाही. १४.६ हा आकडा तुमच्या तिन्ही आकड्यांत नाही. तो कसा आला ते कळलं की यापुढे कुणाला विचारावं लागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितो. मी बरीच वर्षं पुण्यात टुरिस्ट आणि कंपनीच्या कॅबच्या धंद्यात आहे. इंधन हा आमचा सगळ्यात मोठा रोजचा खर्च, त्यामुळे प्रत्येक गाडीची वेगळी वही असते आणि ती मी स्वतः तपासतो.

तुम्ही दिलेल्या पावत्यांप्रमाणे पहिल्या टाकीत ४१८ किलोमीटर झाले आणि परत फुल करायला ३१.२ लिटर लागलं. दुसऱ्या वेळी ४०२ किलोमीटर, २४.६ लिटर. तिसऱ्या वेळी ४३१ किलोमीटर, २९.९ लिटर. आता हे तीन तुकडे विसरून जा आणि बेरीज करा. एकूण १२५१ किलोमीटर, एकूण ८५.७ लिटर. भागाकार १४.६.

मग एकदा १३.४ आणि एकदा १६.३ कसं आलं? रस्ता तोच, गाडी तीच, चालवणारे तुम्हीच. फरक गाडीत नाही, पंपावर आहे. नोझलच्या टोकाजवळ एक बारीक भोक असतं, त्यातून सतत हवा ओढली जात असते. टाकीतलं पेट्रोल वर चढून ते भोक बुजलं की आतला दाब बदलतो आणि खटका पडतो. यालाच आपण ऑटो कट म्हणतो. पण पेट्रोलला फेस येतो. नोझल पूर्ण दाबून जोरात सोडलं तर फेसानेच भोक बुजतं आणि टाकीत जागा असतानाच खटका पडतो. हळू सोडलं तर जास्त बसतं. पंपाची फरशी उताराची असेल, गाडी एका बाजूला कललेली असेल तरी फरक पडतो. त्यात पंपावरचा मुलगा विचारतो, ‘राउंड फिगर करू का सर?’ आपण मान हलवतो आणि कट पडल्यावरही तो खट-खट करत गळ्यापर्यंत भरतो. पहिल्या आणि चौथ्या कटमध्ये दोन-अडीच लिटरचा फरक सहज पडतो.

तुमच्याकडे नेमकं हेच झालेलं दिसतं. १४.६ च्या हिशेबाने ४१८ किलोमीटरला साधारण २८.६ लिटर लागायला हवं होतं, बसलं ३१.२. म्हणजे त्या दिवशी मागच्या वेळेपेक्षा अडीच लिटर जास्त वर भरलं गेलं आणि ॲव्हरेज पडल्यासारखं वाटलं. ते अडीच लिटर कुठे गेलं नाही, टाकीतच होतं. पुढच्या वेळी पहिल्या कटला थांबलात, तेव्हा तेवढंच कमी बसलं आणि ॲव्हरेज एकदम १६.३ झालं. चुकून जास्त भरलेलं पुढच्या टाकीच्या खात्यात जमा होतं. म्हणूनच वहीत एक वाईट आकडा आला की त्याच्यामागे बहुतेक वेळा एक फार चांगला आकडा येतो. आमचे ड्रायव्हर चांगल्या आकड्याचं श्रेय नव्या इंजिन ऑइलला नाहीतर दुसऱ्या पंपाला देतात. मी त्यांना मागचं पान बघायला सांगतो.

हिशेब सलग ठेवला तर मधल्या सगळ्या चुका आपोआप एकमेकींना खाऊन टाकतात. उरते ती फक्त पहिल्या आणि शेवटच्या भरण्यातली चूक. एक लिटरची चूक दहा लिटरवर पडली तर १० टक्के, तीच ९० लिटरवर पडली तर एक टक्क्याच्या जरा वर. त्यामुळे हजार किलोमीटर होईपर्यंत कुठल्याच आकड्यावर विश्वास ठेवू नका, आणि हजारानंतरही एकेका टाकीचा आकडा फक्त नोंद म्हणून लिहा. निर्णय बेरजेवर घ्या.

करायचं इतकंच. एकदा पहिल्या कटपर्यंत भरा, ओडोमीटर लिहून ठेवा. पुढे जेव्हा जेव्हा पेट्रोल घ्याल तेव्हा किलोमीटर आणि पावतीवरचे लिटर लिहा. रुपये लिहिलेत तर चांगलंच, पण हिशेब लिटरवर चालतो, कारण भाव बदलत राहतो. मध्ये पाचशेचं किंवा हजाराचं टाकलं तरी बिघडत नाही, ते लिटर पुढच्या फुल टाकीत मिळवायचे. एकही पावती सुटता कामा नये, कारण सुटलेली पावती गाडीचं ॲव्हरेज फुगवते. घरातली दुसरी व्यक्ती गाडी नेत असेल तर वही गाडीतच ठेवा. फोनवर करायचं तर फ्युएलिओसारखी ॲप आहेत, त्यात अर्धवट आणि पूर्ण भरण्याची वेगळी खूण करता येते. शक्यतो एकाच पंपावर, त्याच मशीनवर, पहिला कट पडला की थांबा. गळ्यापर्यंत भरण्याची सवय सोडाच. टाकीतली वाफ पकडायला गाडीत कोळशाचा एक डबा असतो, त्याला चारकोल कॅनिस्टर म्हणतात. त्यात पेट्रोल शिरलं की तो निकामी होतो, आणि बदलायला स्वस्त नाही.

पेट्रोलच्या काट्यावरून ॲव्हरेज काढू नका. टाकीचा आकार वेडावाकडा असतो, त्यामुळे वरची अर्धी टाकी आणि खालची अर्धी टाकी सारखी उतरत नाही.

बेरजेबद्दल अजून एक, कारण ही चूक शिकलेली माणसंही करतात. ॲव्हरेजांची सरासरी काढायची नसते. समजा १०० किलोमीटर शहरात १० च्या ॲव्हरेजने गेलात आणि १०० किलोमीटर हायवेला २० ने. सरासरी १५ वाटते. पण शहरात १० लिटर लागलं, हायवेला ५. दोनशे किलोमीटरला १५ लिटर, म्हणजे १३.३. तुमच्या तीन आकड्यांची सरासरी १४.७ येते, म्हणजे इथे फरक नगण्य आहे. पण गावी जाऊन आल्यावरची एक टाकी त्यात मिसळली की आकडा चांगलाच फसवेल.

ओडोमीटर बरोबर आहे का हेही एकदा बघा. स्पीडोमीटर मुद्दाम थोडा जास्त वेग दाखवेल असाच बनवलेला असतो, नियमाने तो खऱ्यापेक्षा कमी दाखवू शकत नाही. ओडोमीटरचं तसं नाही, तो बराच नेमका असतो. हायवेवर किलोमीटरच्या दगडांशी वीस-तीस किलोमीटर पडताळून बघा, बहुतेक एक-दोन टक्क्यांत बसेल. टायरचा साइज बदलला असेल तर मात्र गणित बदलतं. मोठ्या टायरचा घेर जास्त, तो एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो, पण गाडीला ते कळत नाही. घेर तीन टक्के वाढला तर मीटर तीन टक्के कमी पळतो, आणि ‘टायर बदलल्यापासून ॲव्हरेज पडलं’ म्हणणाऱ्यांचं निम्मं पडलेलं ॲव्हरेज तिथेच सापडतं.

आता स्क्रीनवरचे १५.९. गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोल मोजत नाही. इंजिनात पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती वेळा आणि किती वेळ उघडला यावरून किती पेट्रोल गेलं असेल त्याचा तो अंदाज बांधतो. माझ्या पाहण्यातल्या बहुतेक गाड्या खऱ्यापेक्षा पाच ते दहा टक्के जास्त दाखवतात. तुमची ९ टक्के जास्त दाखवते. हे कळल्यावर स्क्रीन फेकून देऊ नका, उलट ती आता कामाची झाली. स्क्रीनवर जे दिसेल त्याला ०.९२ ने गुणायचं. एकाच गाडीत ही तफावत फारशी हलत नाही. त्यामुळे बायपासने गेल्यावर काय पडतं आणि शहरातून गेल्यावर काय, एसी लावून काय आणि न लावता काय, अशा छोट्या तुलना स्क्रीनवर उत्तम होतात. त्या टाकीवर कधीच होणार नाहीत. मीटरमध्ये शून्य करता येणारे दोन ट्रिप असतात, त्यातला ट्रिप ए वहीसाठी ठेवा आणि ट्रिप बी रोजच्या प्रयोगांना.

कंपनीच्या २१.८ बद्दल लोक फार चिडतात. तो आकडा खोटा नसतो, पण तो तुमच्या रस्त्याचा नसतो. गाडी एआरएआयसारख्या (ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया) मान्यताप्राप्त संस्थेत रोलरवर उभी करून चालवतात. ही संस्था आपल्या वेताळ टेकडीवरच आहे, स्थापना १९६६ ची. ठरलेल्या चक्राप्रमाणे ११८० सेकंद, म्हणजे वीस मिनिटांहून थोडं कमी, गाडी पळवतात. त्यात थांबणं, निघणं सगळं आहे, पण कमाल वेग ९०, सरासरी वेग ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास, तापमान २० ते ३० अंशांत आणि एसी बंद. पेट्रोलसुद्धा टाकीतून मोजत नाहीत. सायलेन्सरमधून निघणाऱ्या वायूंतलं कार्बन मोजून त्यावरून किती इंधन जळालं ते काढतात. या चाचणीचा उपयोग दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करण्यापुरता. २१.८ वाली गाडी १९ वाल्या गाडीपेक्षा तुमच्या रस्त्यावरही बहुतेक सरस ठरेल. पण तुम्हाला २१.८ मिळेल असं वचन त्यात नाही.

तुमच्या रस्त्यावर सरासरी वेग किती असतो ते बघा. सकाळी नवले पुलापासून वारजे, चांदणी चौक, पुढे वाकडपर्यंत जे चालतं त्याला गाडी चालवणं म्हणता येत नाही. समजा जायचं अंतर वीस किलोमीटर. मोकळ्या रस्त्याने ४० मिनिटं लागतील आणि १८ च्या ॲव्हरेजने १.१ लिटर जाईल. तेच अंतर गर्दीत ८० मिनिटं घेतं. जास्तीची ४० मिनिटं गाडी जवळजवळ उभीच आहे, इंजिन चालू, एसी चालू. एवढं इंजिन एसीसकट उभ्या-उभ्या तासाला पाऊण ते एक लिटर पितं. म्हणजे अर्ध्या लिटरहून जास्त नुसतं थांबण्यात गेलं. वीस किलोमीटरला १.६ लिटरच्या वर, ॲव्हरेज १२ च्या आसपास. इंजिनात, प्लगमध्ये, पेट्रोलमध्ये काहीही न बिघडता १८ चे १२ होतात. शनिवार-रविवारची मोकळी धाव मिसळून तुम्हाला १४.६ पडतं, ते मला तरी चांगलं वाटतं.

म्हणून ॲव्हरेज सुधारायचं असेल तर पहिला उपाय वेळेचा आहे. अर्धा तास आधी निघून जे मिळेल ते पंपावरच्या कुठल्याही ॲडिटिव्हच्या बाटलीत मिळणार नाही. आमच्या कंपनी कॅबमध्ये सकाळी सातच्या शिफ्टची गाडी आणि नऊच्या शिफ्टची गाडी, मॉडेल एकच, वहीत दोन वेगळ्या गाड्या वाटतात. लांब सिग्नलला, जिथे सेकंद दिसतात तिथे, अर्ध्या मिनिटाहून जास्त असेल तर इंजिन बंद करा. पुन्हा चालू करायला फार पेट्रोल लागतं हा कार्बोरेटरच्या काळातला समज आहे.

त्याच काळातला, पण जास्त घातक समज म्हणजे उतारावर न्यूट्रल. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर किती जीव गेले ते तुम्ही रोज तिथून जाता म्हणून वेगळं सांगायला नको. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेल्या अवजड गाड्या हे तिथल्या अपघातांचं वारंवार समोर आलेलं कारण आहे. आणि हे सगळं ज्यासाठी, ते इंधन वाचतही नाही. इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकलेला असताना ॲक्सिलरेटर सोडला की कॉम्प्युटर इंजेक्टर बंदच करतो. चाकं इंजिनाला फिरवतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिनाला स्वतःच्या जोरावर चालू राहावं लागतं, म्हणून पेट्रोल जातच राहतं. स्क्रीनवर तात्कालिक ॲव्हरेज लावून बघा. गिअरमध्ये उतरताना पट्टी टोकाला जाते, न्यूट्रल केलं की खाली येते. ड्रायव्हरला हे एकदा डोळ्यांनी दाखवलं की भाषणाची गरज उरत नाही.

हायवेला सगळा खेळ वाऱ्याचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० ला गेलात तर तो दीडपटीहून जास्त होतो. एक्सप्रेसवेवर ८०-९० ला स्थिर जाणारी आणि सतत १०० च्या काठावर, मध्येच ब्रेक मध्येच पिकअप अशी जाणारी, या दोन गाड्यांत लिटरमागे दोन-तीन किलोमीटरचा फरक मी कायम बघतो. छतावर कॅरिअर असेल आणि वापरात नसेल तर काढून ठेवा.

टायरची हवा सकाळी, गाडी निघायच्या आधी बघायची. दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर जो आकडा असतो तो थंड टायरचा असतो. दहा किलोमीटर चालवून पंपावर गेलात तर गरम टायरमध्ये दोन-चार पीएसआय जास्त दिसतात. तिथे स्टिकरएवढी हवा ‘बरोबर’ करून घेतली की दुसऱ्या दिवशी सकाळी कमी भरते. शंभर-दोनशे रुपयांचा गेज घरी ठेवा.

पेट्रोलबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण लोक विचारतातच. पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेलं असतं, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. त्यामुळे २० टक्के मिश्रणात, म्हणजे ई २० मध्ये, शुद्ध पेट्रोलपेक्षा सहा-सात टक्के ऊर्जा कमी, आणि आधीच्या १० टक्के मिश्रणापेक्षा तीन-साडेतीन टक्के कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातही जुन्या धाटणीच्या चारचाकींना ६ ते ७ टक्के आणि ई २० साठी जुळवलेल्या चारचाकींना १ ते २ टक्के घट धरली होती. तुमची गाडी नवी आहे, तुम्हाला हा फरक वहीत वेगळा दिसणारही नाही. पण जुनी गाडी असेल आणि कुणी ‘ई २० मुळे ॲव्हरेज निम्मं झालं’ म्हणत असेल तर कारण दुसरीकडे शोधावं लागेल. महागडं हाय ऑक्टेन पेट्रोल टाकून तुमच्या गाडीला काही मिळणार नाही. ऑक्टेन म्हणजे ठोका न देता दाब सोसण्याची ताकद, ऊर्जा नव्हे.

माप कमी पडतंय अशी शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं. ते मागा आणि समोर भरून घ्या. पाच लिटरला २५ मिलिलिटरपर्यंत फरक मान्य असतो. हा ग्राहकाचा हक्क आहे, उपकार नाही.

सीएनजीवाल्यांना एवढंच सांगतो: किलोमागे २६ आणि लिटरमागे १८ यांची तुलना होत नाही, किलोमीटरमागे किती रुपये ते काढा. आणि बऱ्याच सीएनजी गाड्या पेट्रोलवर चालू होतात, ते पेट्रोलही हिशेबात धरा.

आता काळजी कधी करायची. १४.६ हा तुमचा पाया. पावसाळ्यात ओला रस्ता, गर्दी आणि काचेसाठी चालू ठेवलेला एसी यांनी तो थोडा खाली येईल, ते चालतं. पण त्याच रस्त्याने, त्याच वेळेला, सलग हजारेक किलोमीटरची बेरीज दहा टक्क्यांनी खाली आली, म्हणजे १३ च्या आसपास गेली, तर कारण आहे. पहिल्यांदा हवा बघा. मग ब्रेक. वीस मिनिटं गाडी चालवून, शक्यतो ब्रेक न लावता थांबा आणि चारही चाकांच्या रिमजवळ हात न्या, लावू नका. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर त्याचा ब्रेक सुटत नाही. त्यानंतर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिनाचं तापमान राखणारी झडप: तो उघडा अडकला की इंजिन नीट गरमच होत नाही आणि कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडत राहतो. मीटरवर थंड इंजिनाचा निळा दिवा नेहमीपेक्षा उशिरा जातोय का ते बघून हे कळतं. एअर फिल्टर बदलला म्हणून ॲव्हरेज वाढेल अशी आशा ठेवू नका. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत चोंदलेला फिल्टर आधी पिकअप खातो.

सध्या मात्र इंजेक्टर क्लिनिंग, डिकार्ब (इंजिनात साचलेला कार्बन काढणं) असलं काही करून घेऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. त्याऐवजी कोल्हापूरला किंवा तेवढ्याच लांब जाल तेव्हा एक चाचणी घ्या. निघताना गावाबाहेरच्या पंपावर पहिल्या कटपर्यंत भरा, ८०-९० ने जा, येताना त्याच पंपावर, त्याच मशीनवर पहिल्या कटपर्यंत भरा. साडेचारशे किलोमीटरच्या आसपास जाणं-येणं होतं. हजाराहून कमी असलं तरी पंप आणि मशीन तेच असल्याने आकडा बऱ्यापैकी भरवशाचा येईल. १८ च्या वर आलं तर इंजिन ठणठणीत आहे. १६ च्या खाली आलं तर वहीच्या पानाचा फोटो घेऊन सर्व्हिस सेंटरला जा, तक्रार जॉबकार्डवर लिहून घ्या आणि ट्रायल त्यांच्या माणसाला शेजारी बसवून, तुम्ही स्वतः चालवून द्या.